आठ उंदरांची तारीख

एका नोंदवहीत मी खोटी तारीख लिहिली होती. ती दुरुस्त व्हायला चाळीस वर्षांहून जास्त काळ गेला. तेवढ्या काळात मी नोकरी बदलली, चार गावं बदलली, मुलांची लग्नं केली आणि निवृत्त होऊन पुन्हा काशीत येऊन राहिलो. पण वर्षातून एक दिवस ती तारीख डोळ्यांपुढे यायचीच, आणि तो दिवस नेमका वडिलांच्या श्राद्धाचा असायचा. तो योगायोग नव्हता. का नव्हता, ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

आमचं घर दुर्गाघाटचं. पूर्वज कोकणातून आले ते किती पिढ्यांपूर्वी, यावर घरात दोन मतं आहेत. वडील वैदिक होते. देशावरून यात्रेकरू आले की त्यांची कृत्यं चालवायची आणि उरलेल्या वेळात दोन-चार मुलांना संथा द्यायची, असा त्यांचा दिवस जाई. मी थोरला. मला संथा जमेना आणि रसायनशास्त्र जमे, म्हणून त्यांनी फारसा वाद न घालता मला कॉलेजात घातलं. बी.एस्सी. झाल्यावर दीड वर्ष रिकामा होतो. मग गंगेपलीकडे रामनगरला, औषधांवर संशोधन करणाऱ्या एका लहानशा प्रयोगशाळेत सहायकाची जागा मिळाली. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती. ती प्रयोगशाळा पुढे बंद पडली. तिचं नाव लिहिण्याचं कारण नाही, कारण चूक तिची नव्हती.

वडिलांना मी सांगितलं की औषधं तपासायचं काम आहे.

"कशावर तपासता?" त्यांनी विचारलं.

"उंदरांवर."

त्यांनी हातातली पोथी मिटली. मग म्हणाले, "घरी येताना बुडी मारून येत जा." एवढंच. त्यानंतर ते वर्षभरही राहिले नाहीत. बुडी मारायचं मी पुढेही चालू ठेवलं, थंडीतसुद्धा.

प्रयोगशाळेत मी ज्या कामावर होतो ते धुराचं होतं. रामनगरच्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या बायका जन्मभर गोवऱ्यांच्या चुलीपुढे बसत. तरुणपणीच त्यांना खोकला लागे आणि वय झालं की दम. धुराने फुफ्फुसाला आतून सूज येते. सांधेदुखीवर देतात त्या जातीचं एक नवं औषध आमच्याकडे आलं होतं, आणि त्याने ही सूज उतरते का ते पाहायचं होतं. माणसांवर जाण्याआधी ते पांढऱ्या उंदरांवर पाहायचं.

त्यासाठी एक लाकडी पेटी होती, पुढच्या बाजूने काच लावलेली. एका डब्यात गोवरी धुमसत ठेवायची आणि लहान भात्याने तिचा धूर पेटीत सोडायचा, रोज सकाळी तासभर. पहिल्या दिवशी उंदीर पेटीभर धावले. चार-पाच दिवसांनी ते धावेनासे झाले. पेटीत ठेवलं की, धूर सुरू व्हायच्या आधीच, सगळे एका कोपऱ्यात जाऊन एकमेकांच्या पोटाखाली नाक खुपसून बसायचे. हे मी कुठल्या वहीत लिहिलं नाही, कारण वहीत त्याला रकाना नव्हता.

आठ-आठ उंदरांच्या तीन तुकड्या होत्या. पहिलीला धूर नाही, औषध नाही. दुसरीला नुसता धूर. तिसरीला धूर आणि औषध, म्हणजे डिंकाच्या पाण्यात कालवून, बोथट सुईने घशाखाली घातलेली पांढरी पूड. काही आठवडे असं चालवायचं. मग शेवटच्या धुरानंतर बरोबर एक दिवसाने उंदराला इथरच्या बरणीत झोपवून मारायचं, फुफ्फुस मिठाच्या पाण्याने आतून धुवायचं, ते पाणी काचपट्टीवर पसरायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातल्या पेशी मोजायच्या. सूज जेवढी जास्त तेवढ्या पेशी जास्त.

यात "बरोबर एक दिवसाने" हे सगळ्यांत महत्त्वाचं होतं. धूर थांबला की फुफ्फुस आपलं आपणच सावरायला लागतं. एका तुकडीला एक दिवस आणि दुसरीला दोन दिवस दिले, तर गुण औषधाचा की विश्रांतीचा हे सांगता येत नाही. हे मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं होतं. मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

समजावणाऱ्या होत्या बहनजी. तो सगळा प्रयोग त्यांच्या पीएच.डी.चा होता. त्या रामनगरच्याच, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या. मी त्यांना बहनजी म्हणे आणि त्या मला पंडितजी म्हणत, त्यात थोडी टिंगल असे. आमचं बोलणं हिंदीतच चाले, इथे मराठीत लिहितो.

"पंडितजी, बरणीत टाकण्याआधी उंदराच्या कानात काय पुटपुटता?"

"काही नाही."

"मी पाहिलंय."

"त्याला सांगतो की हे बहनजींच्या पीएच.डी.साठी आहे, माझ्या मनात काही नाही."

"म्हणजे पाप माझ्या नावावर."

"अर्धं. अर्धं डॉक्टरसाहेबांच्या."

डॉक्टरसाहेब म्हणजे त्यांचे मार्गदर्शक. ते आठवड्यातून दोनदा येत, वह्या पाहत, चहा घेत आणि जात. बहनजी मात्र सकाळी सर्वांआधी हजर असत. त्यांची आई त्या चुलीपुढच्या बायकांपैकीच एक होती. कधी त्यांच्या घरी काही पोचवायला गेलो तर आत शिरण्याआधी खोकला ऐकू येई.

दसऱ्याच्या सुमाराला त्यांनी वेळापत्रक आखायला घेतलं. एका दिवसात आठच उंदरांचं काम होत असे, म्हणून तिन्ही तुकड्या एकेक दिवसाच्या अंतराने सुरू करून तशाच संपवायच्या होत्या. औषधवाली तुकडी शेवटी. त्यांनी मला विचारलं, "सुट्ट्या आत्ता सांगा. मधेच पितर आणू नका."

मी सांगितलं, "एकच. वडिलांची तिथी आहे, कार्तिक वद्य सप्तमी."

त्यांनी खणातून पंचांग काढलं, कार्तिक कृष्ण सप्तमी शोधली आणि त्या दिवसाभोवती लाल गोल केला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आम्हा मराठी लोकांचा महिना अमावास्येला संपतो, इकडच्या लोकांचा पौर्णिमेला. त्यामुळे त्यांचा कार्तिकातला कृष्ण पक्ष दिवाळीच्या आधी येतो आणि आमचा दिवाळी होऊन गेल्यावर, एक महिन्याने. काशीतल्या मराठी घरात हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. पण तोंडाने तिथी सांगताना, समोरची व्यक्ती दुसरं पंचांग उघडते आहे, हे ध्यानात आलं नाही.

ध्यानात आलं ते त्या लाल गोलाच्या आदल्या दिवशी. बहनजी म्हणाल्या, "उद्या तुमच्या वडिलांचं आहे ना? धूर मी देईन. तुम्ही येऊ नका."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तीन आठवडे एकही सुट्टी मिळाली नव्हती, पहाटे उठून सायकल गल्लीतून ढकलत काढायची, घाट गाठायचा, नावेतून पलीकडे जायचं, याला मी कंटाळलो होतो. घरी दिवाळीची साफसफाई काढलेली होती. मी म्हणालो, "बरं." दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत झोपलो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "झालं नीट?"

"झालं."

"तुमच्यात काय करतात जेवायला?"

"वडे, खीर, अळूची भाजी, आमसुलाची चटणी," मी म्हणालो. पदार्थ खरे होते.

महिन्याने खरी तिथी आली. वेळापत्रक पाहिलं तर तिसरी तुकडी मारायचा दिवस नेमका तोच होता. आता सुट्टी मागायची कोणत्या तोंडाने? "तुमच्यात बाप वर्षातून दोनदा मरतो का?" हा प्रश्न मला बहनजींच्या आवाजात ऐकू यायला लागला होता.

आईने दोन दिवस आधी सांगितलं, "गुरुजींना बोलावणं गेलंय. दोन ब्राह्मण येतील."

"आई, परवा मला सुट्टी नाही."

"बापाच्या श्राद्धाला सुट्टी नाही? कलेक्टर झालास का तू?"

"पिंडदान आटोपून दुपारी जाईन."

"जाऊन काय करशील?"

मी तांब्यातून पाणी ओतून घेतलं.

"उंदीर मारशील," आई म्हणाली. "ज्या हाताने पिंड दिलास त्याच हाताने. त्या दिवशी करणाऱ्याने नदी ओलांडून जायचं नसतं, दुसऱ्यांदा खायचं नसतं, आणि तू आठ जीव घेणार."

"नोकरी आहे ती."

"त्यांनी तुला जन्मात अडवलं नाही. मनातून किती वाटत असेल, पण नाही अडवलं. एक दिवस त्यांना दे."

आई बरोबर होती. चुकलो मी, आणि तेही तिथे नाही, पुढे.

बहनजी आणि डॉक्टरसाहेब त्या दोन दिवसांत लखनौला एका सभेसाठी गेले होते. मी घरी राहून श्राद्ध केलं. चौकीदाराने उंदरांना दाणा-पाणी घातलं. त्या दिवशी त्या आठ उंदरांना धूर नव्हता, औषधही नव्हतं. नुसती स्वच्छ हवा होती. दुसऱ्या दिवशी सकाळी, पावसाळा संपला की नदीवर लोखंडी पिपांचा तरंगता पूल बांधत, त्या पिपापुलावरून पलीकडे गेलो आणि आठही उंदीर एकामागून एक बरणीत घातले. त्या दिवशी कानात काही पुटपुटलो नाही. फुफ्फुसं बाहेर काढली तेव्हा नुसत्या डोळ्यांनीही फरक दिसत होता. दुसऱ्या तुकडीची मळकट आणि जड होती, ही फिकट गुलाबी. पोट उघडल्यावर जठराच्या आतल्या बाजूला बारीक लाल ठिपके दिसले, रक्त आल्यासारखे. ते औषधाचे होते, धुराचे नव्हेत. तेही मी लिहिलं. सगळं खरं लिहिलं, फक्त वर तारीख आदल्या दिवसाची घातली आणि हजेरीवर आदल्या दिवसाची सही केली.

खाली एक ओळ लिहिली असती तरी पुरे होतं: एक दिवस उशीर झाला. बहनजी चिडल्या असत्या, चार दिवस बोलल्या नसत्या, आणि ती तुकडी पुन्हा केली असती. एवढंच झालं असतं.

त्या परत आल्या आणि मोजायला बसल्या. मोजायचं काम त्या कुणालाच देत नसत. हातातल्या यंत्राची टिकटिक दिवसभर चालली होती. दुपारी ती थांबली.

"पंडितजी, इकडे या. डोळा लावा."

मी लावला.

"किती दिसतात?"

"कमी आहेत."

"कमी? जवळजवळ धुराशिवायच्या तुकडीइतक्या आहेत." त्या खुर्चीत मागे टेकल्या. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. मग हळूच म्हणाल्या, "आईला देता येईल का हो हे?"

मी म्हणालो, "पोटात ठिपके आहेत."

"ते मी वाचलं. पोटाला काहीतरी जोडीला देता येईल. रात्र रात्र बसून काढते ती. तुम्ही ऐकलंय."

मी ऐकलं होतं. आणि तरीही गप्प राहिलो. खोटी सुट्टी, खोटी तारीख, खोटी सही, यांतलं कोणतंही एक सांगायचं तर तिन्ही सांगावी लागणार होती. डॉक्टरसाहेब आले, त्यांनी वही पाहिली, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले की प्रयोग एकदा पुन्हा करू, आणि असंच आलं तर दवाखान्यातल्या बायकांना द्यायची परवानगी मागू.

पुन्हा करायच्या वेळी मी तिथे नव्हतो. बँकेची परीक्षा आधीच दिलेली होती, त्याचं बोलावणं आलं आणि मी गोरखपूरला निघून गेलो. खरं सांगायचं तर पळालो. निरोपाच्या दिवशी बहनजींनी पेढे आणले आणि म्हणाल्या, "उंदरांना आनंद झालाय." मी हसलो.

त्यानंतर मला काहीच कळलं नाही. कारण मी विचारलंच नाही. एवढंच ठाऊक होतं की एका घरात खोकणारी एक आई आहे, तिच्या मुलीच्या हाताशी एक पांढरी पूड आहे जी जठरातून रक्त काढते, आणि ती पूड गुणकारी आहे असा मुलीचा विश्वास माझ्या अक्षरावर बसला आहे. बदल्या होत होत्या. सुट्टीत काशीला येई, पण रामनगरला पाऊल टाकलं नाही. पुढे पक्का पूल झाला, तरी नाही. मुलं लहान असताना रामलीला पाहायची म्हणून हटून बसत. मी त्यांना त्यांच्या मामाबरोबर पाठवत असे. बायको म्हणायची, "अख्खी काशी जाते, तुम्हालाच कसली अडचण?" मी गर्दीचं कारण सांगे. तीही गेली, तिलाही सांगितलं नाही.

यंदा श्राद्धाला मला खाली बसता आलं नाही. गुडघे गेले आहेत. मुलाने केलं, मी बाजूला खुर्चीवर बसलो. इतकी वर्षं हात कामात असत, तीळ, दर्भ, पाणी. यंदा हात रिकामे होते. जेवणं झाली, ब्राह्मण गेले, आणि मी मुलाला म्हणालो, "उद्या मला रामनगरला ने."

"रामनगर? लस्सी प्यायला?" तो म्हणाला. त्याला वाटलं मी थट्टा करतो आहे.

"एकांना भेटायचंय."

"कोणाला? फोन करू ना. नंबर द्या."

"नंबर नाही. जिवंत आहेत का तेही माहीत नाही."

"बाबा, तुम्ही पण कमाल करता. पत्ता तरी?"

"गल्ली आठवते."

दुसऱ्या दिवशी आम्ही गल्लीतून चालत मैदागिनला आलो आणि तिथून ई-रिक्षा केली. पुलावर मी त्याला सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. त्याने हातातला फोन खिशात टाकला. मग म्हणाला, "आणि त्या आजी त्या औषधाने गेल्या असतील तर?"

"तेच विचारायला चाललोय."

गल्ली तीच होती, घर बरंच बदललं होतं. मुलाने दार वाजवलं. पांढरे, बारीक कापलेले केस आणि जाड चष्मा असलेल्या एका बाईंनी उघडलं. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"प्रयोगशाळेत होतो मी," मी म्हणालो. "उंदरांवर."

"पंडितजी." त्या दारातच थांबल्या. "केस कुठे घालवलेत?"

"बँकेत."

"या आत. चहा टाकते."

"आधी बोलतो. चहा नंतर, दिलात तर."

मी उभ्याउभ्याच सुरुवात केली, त्यांनी हाताला धरून बसवलं. सगळं क्रमाने सांगितलं. दोन पंचांगं, लाल गोल, न झालेल्या श्राद्धाचे वडे, खरं श्राद्ध, आठ उंदीर, तारीख, सही. संपल्यावर त्या म्हणाल्या, "तिसरी तुकडी?"

"हो."

"आठही?"

"आठही."

"त्या जादा दिवशी औषध?"

"दिलं नाही. नुसते बसून होते."

त्या उठून आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. मुलगा माझ्याकडे पाहत होता. त्या परत आल्या तेव्हा हातात काळ्या कापडी बांधणीचा प्रबंध होता, टंकलिखित. त्या पानं उलटत राहिल्या.

मला राहवेना. "बहनजी, तुमच्या आईंना ते दिलं होतं का?"

"थांबा." त्यांनी पान शोधलं, बोट ठेवलं, ओळ वाचली. मग चष्मा काढला. "नाही दिलं. दुसऱ्यांदा केलं तेव्हा काही आलंच नाही. थोडासा फरक, नसल्यासारखा. आणि पोटातले ठिपके मात्र तसेच. डॉक्टरसाहेबांनी ते काम तिथेच बंद केलं. कोणालाच दिलं नाही, आईलाही नाही, दवाखान्यातही नाही."

मुलाने माझ्या पाठीवर हात ठेवला, तो मी काढला नाही.

"आईला मी गॅस आणला," त्या म्हणाल्या. "पहिल्या पगारातून नाव नोंदवलं, कधी तरी मिळाला. गॅसवरची रोटी कच्ची लागते म्हणून ती वर्षभर भांडली माझ्याशी. खोकला गेला नाही, पण झोपायला लागली. पुढे बरीच वर्षं होती."

"मला माफ करा," मी म्हणालो.

"थांबा हो. माझं रागवणं व्हायचंय अजून." आणि त्या खरंच रागावल्या. आवाज चढला नाही, पण शब्द सुटे सुटे यायला लागले. "पहिल्या वेळी इतका फरक आणि दुसऱ्या वेळी नाही. का? मी वर्षभर शोधलं. औषध बदललं का, उंदीर बदलले का, गोवऱ्या ओल्या होत्या का. तुमची तारीख तपासावी हे मनातही आलं नाही. शेवटी ठरवलं की मीच चुकीचं मोजलं. आईचा खोकला डोक्यात होता म्हणून मला हवं तेच दिसलं. इथे लिहिलंय बघा, कारण सापडलं नाही. ते लिहिताना मला ठाऊक होतं की ते कारण मीच आहे. पुढे कॉलेजात शिकवलं तोवर प्रत्येक काच दोनदा मोजली. पोरं मला डबल मॅडम म्हणायची."

"मला ठाऊक नव्हतं."

"कसं असणार? तुम्ही पेढे खाऊन गेलात." त्या प्रबंधाकडे बघत बसल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात, पण त्या हसत होत्या. "म्हणजे माझे डोळे बरोबर होते. पेशी खरंच कमी होत्या."

"खरंच कमी होत्या. मीही पाहिल्या."

"आणि औषधापेक्षा तुमच्या वडिलांच्या श्राद्धाने जास्त गुण दिला."

"असं म्हणता येईल?" मुलाने विचारलं.

"म्हणता येणार नाही," त्या लगेच म्हणाल्या, "तसं करून पाहायला हवं होतं. एक तुकडी, औषध नाही, दोन दिवस नुसती हवा. आम्हाला सुचलं नाही. सुचलं असतं जर कुणी एक ओळ लिहिली असती." हे माझ्याकडे बघून.

मग त्या चहा टाकायला गेल्या. मी त्या खोलीत बसलो होतो आणि छातीवरून काहीतरी उतरलं होतं, हे सांगायला मला दुसरे शब्द नाहीत. इतकी वर्षं मी ज्या बाईला मनातल्या मनात मारत होतो, ती मुलीशी रोटीवरून भांडत जगली होती. जे बिघडलं होतं ते वेगळंच होतं, आणि ते अजून दुरुस्त होण्यासारखं होतं, कारण बहनजी आत चहा करत होत्या.

चहा झाल्यावर बहनजींनी कोरा कागद आणि पेन घेतलं. "प्रयोगशाळेची वही आता कुठे असेल, देव जाणे. पण प्रबंधाच्या दोन प्रती आहेत. एक ही. एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात. दोन्हींत चिठ्ठी लावायची. मी लिहिते, तुम्ही सही करा."

त्या लिहीत गेल्या आणि मोठ्याने वाचत गेल्या. तिसऱ्या तुकडीला शेवटच्या धुरानंतर एक नव्हे तर दोन दिवस मिळाले. जादा दिवशी औषध दिलेलं नव्हतं. म्हणून या तुकडीचे आकडे दुसऱ्या तुकडीशी ताडून पाहू नयेत. नोंदवहीतली तारीख सहायकाने—

इथे त्या थांबल्या. "चुकून लिहू?"

"नको."

"म्हातारपणी कोण बघतंय, पंडितजी. चुकून लिहिते."

"जाणूनबुजून लिहा," मी म्हणालो.

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तसं लिहिलं. मी दोन्ही कागदांवर सही केली. त्यांनी एक चिठ्ठी प्रबंधाच्या त्या पानावर चिकटवली, तळव्याने दाबून धरली, आणि दुसरी घडी घालून मुलाच्या हातात दिली. "ग्रंथालय पाच वाजता बंद होतं," त्या म्हणाल्या. "आज पोचवा. तिथला माणूस हुज्जत घालेल, तर सांगा प्रबंध ज्यांचा आहे त्यांनीच पाठवलंय."

आम्ही पोचवली. त्याने हुज्जत घातली, मग लावून घेतली.